झुरक्याची काटकसर

"बाकी काही म्हणा, पण इंजिनिअरिंग म्हणून मानलं पाहिजे. केवढीशी ती बॅटरी, आणि किती पुरते!"

हे वाक्य गेल्या वर्षभरात मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते सुरू झालं की माझे कान तापायला लागतात. विषय ई-सिगारेटचा, म्हणजे इथल्या भाषेत व्हेपचा. बोलणारे बहुतेक आपलेच लोक. इथल्या मराठी मंडळातले, पुण्यातले कॉलेजचे मित्र, आणि परवा तर सख्खा भाचा. निकोटिन वाईट, पोरं बिघडली, कंपन्या लबाड, हे सगळं रीतसर म्हणून झालं की शेवटी हे वाक्य येतंच. एखाद्या दरोडेखोराबद्दल "पण आईला फार मानायचा हो!" म्हणावं तसं.

माझं भांडण नेमकं या शेवटच्या वाक्याशी आहे. निकोटिनबद्दल डॉक्टर मंडळी माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. पण कमी विजेवर चालणारी सर्किटं करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि 'पॉवर-सेव्हिंग' हा शब्द कोणी कुठेही चिकटवलेला मला चालत नाही. त्यात मी राहतो ॲन आर्बरमध्ये. म्हणजे देहूत राहणाऱ्याला कोणीतरी येऊन गाथा समजावून सांगण्यातला प्रकार!

ज्यांना हे गाव माहीत नाही त्यांच्यासाठी: डेट्रॉइटपासून गाडीने पाऊण तासावर, सव्वा लाख वस्तीचं, युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनच्या जिवावर जगणारं हे गाव. २००८ साली इथल्या विद्यापीठात 'फिनिक्स' नावाचा एक प्रोसेसर तयार झाला. डेनिस सिल्व्हेस्टर आणि डेव्हिड ब्लाऊ हे दोन प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी. हा प्रोसेसर झोपलेला असताना ३० पिकोवॅट वीज खायचा. पिको म्हणजे एकाच्या मागे दशांशचिन्ह देऊन अकरा शून्यं आणि मग एक. त्याच घराण्यातला पुढचा प्रोसेसर वापरून २०११ मध्ये त्यांनी एक घनमिलिमीटरच्या आसपासचं यंत्र केलं, काचबिंदूच्या रोग्याच्या डोळ्यात बसवून आतला दाब मोजण्यासाठी. दर पंधरा मिनिटांनी जागं व्हायचं, दाब मोजायचा, पुन्हा झोपायचं. सरासरी खर्च ५.३ नॅनोवॅट. दिवसातून दीड तास ऊन मिळालं की बॅटरीला पुरे! पुढे याच जातीचे चिमुकले संगणक ताहिती बेटावर गोगलगायींच्या संदर्भात वापरले गेले. कोणती गोगलगाय किती उन्हात टिकते आणि तिला खाणारी शिकारी गोगलगाय किती उन्हात टिकत नाही, हे त्यातून मोजलं आणि २०२१ मध्ये त्यावर निबंध आला. इथल्याच एका विद्यार्थ्याने २०१० मध्ये काढलेली अँबिक नावाची कंपनी आज घड्याळांसाठी आणि अंगावर वापरायच्या उपकरणांसाठी चिपा विकते.

हे सगळं सांगतोय ते गावाची बढाई मारायला नाही (थोडी आहे, असो). सांगायचं इतकंच की वीज वाचवणं म्हणजे काय याचा एक वस्तुपाठ आमच्या गावात आहे, आणि त्याच गावाच्या फुटपाथवर दुसराही पडलेला असतो.

इथलं फुटबॉलचं स्टेडियम एक लाख सात हजार लोकांचं. हंगामात ज्या शनिवारी सामना असतो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हूव्हर स्ट्रीटवरून चालत गेलं तर पायाखाली काय काय सापडतं ते बघण्यासारखं असतं. एक गोष्ट सापडत नाही: बिअरचे आणि कोकचे रिकामे डबे. कारण मिशिगन राज्यात १९७६ साली लोकांनी मतदान करून कायदा केला की प्रत्येक डब्या-बाटलीमागे दहा सेंट अनामत घ्यायची आणि रिकामी परत आणली की द्यायची. त्यामुळे रात्रीतच गरीब माणसं, काही विद्यार्थीसुद्धा, पोती घेऊन डबे गोळा करून नेतात. उरतात ते रंगीबेरंगी, बोटाएवढे, गोड वासाचे व्हेप. यूज अँड थ्रो. लिथियमची बॅटरी असलेले. त्यांना कोणी हात लावत नाही, कारण त्यांच्यावर दहा सेंटही मिळत नाहीत.

मी लावतो हात. गेल्या दोन हंगामांत असे बरेच उचलून आणले आणि गॅरेजमध्ये उघडून बघितले. (तुम्ही हे करू नका. हातमोजे, चष्मा, वाळूची बादली आणि अशा सेलची सवय नसेल तर अजिबात नको. सेलला टाचणीएवढं भोक पडलं तरी आग लागते.)

आत काय असतं? एक लिथियम-आयन सेल. एक तारेचं वेटोळं, त्याला कॉइल म्हणतात, आणि त्यात रसाने भिजलेली कापसाची वात. म्हणजे निरांजनच की! आणि एक चिप, तिच्याबरोबर माइकच्या कॅप्सूलसारखा दिसणारा एक सेन्सर. तुम्ही ओढलंत की आतला हवेचा दाब बदलतो, सेन्सरला ते कळतं, चिप जागी होते, कॉइलला वीज देते, कॉइल तापते, रसाची वाफ होते. ओढणं थांबलं की चिप पुन्हा झोपते. फार वेळ ओढत राहिलात तर आठ-दहा सेकंदांनी स्वतःच बंद करते. वाहवा होते ती या झोपेची.

आता जरा हिशेब करू. मी मोजलेल्या एका नगाचे आकडे घेतो, बाकीचे थोडे इकडेतिकडे. सेल ५५० मिलिअँपिअर-तासांचा. कॉइल १.८ ओहम. म्हणजे ३.६ व्होल्टला दोन अँपिअर, म्हणजे सात वॅटच्या थोडं वर. एक झुरका दोन सेकंदांचा धरला तर साधारण चौदा जूल. आणि झोपेत चिप ओढत होती दोन मायक्रोअँपिअर. म्हणजे एका झुरक्याला जेवढी वीज जाते तेवढ्यात ती चिप जवळजवळ तीन आठवडे झोपू शकते. ज्याला व्यसन आहे तो माणूस दिवसाला शे-दोनशे झुरके ओढतो. त्याच्या दृष्टीने ती चिप झोपली काय आणि रात्रभर जागून भजनं म्हणत बसली काय, बॅटरीत फरक काय पडणार? दिवसाच्या खर्चात तिचा वाटा हजारातल्या एकापेक्षाही कमी. घरभर एसी लावून ठेवायचा आणि देवघरातला झिरोचा बल्ब आठवणीने बंद करायचा, तशातली ही काटकसर.

मग एवढी मेहनत घेऊन झोप कमी करतात ती कोणासाठी? मालाच्या कपाटासाठी. हा नग चीनमधल्या शेन्झेनला तयार होतो, बोटीने येतो, गोदामात पडतो, दुकानात टांगला जातो. यात सहज सहा-आठ महिने जातात. गिऱ्हाइकाने वेष्टण फाडून पहिला झुरका मारला आणि दिवा लागला नाही, तर नग परत. तो परत येऊ नये म्हणून स्लीप करंट कमी. वीज वाचवली ती दुकानदाराच्या सोयीसाठी, आणि एवढी जपलेली बॅटरी वापरून झाल्यावर गटारात.

बरं, ही बॅटरी एकदाच वापरायची असते का? मुळीच नाही. दोन अँपिअरचा एवढा मोठा हिसका साध्या पेन्सिल सेलला झेपत नाही, म्हणून त्यात पुन्हापुन्हा चार्ज होणारा, मोबाइलमध्ये असतो त्या जातीचा सेल घालावा लागतो. घालायचा, पण चार्ज करायची सोयच ठेवायची नाही! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये असे फेकलेल्या व्हेपमधले सेल काढून चार्ज करून बघितले, तर ते साडेचारशेहून जास्त वेळा चार्ज होऊनही ठणठणीत. म्हणजे साडेचारशे आयुष्यांची वस्तू एका आयुष्यानंतर फेकायची, आणि त्या एका आयुष्यात मायक्रोअँपिअर वाचवल्याबद्दल टाळ्या घ्यायच्या.

आणखी एक हिशेब सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या एका झुरक्याच्या चौदा जूलमध्ये आमच्या गावचं ते डोळ्यातलं यंत्र किती चाललं असतं? गुणाकार-भागाकार तुम्हीही करून बघा. शहाऐंशी वर्षं. झोपलेला फिनिक्स तर पंधरा हजार.

आणि चिपबद्दल म्हणाल तर, २०२५ साली एका हौशी प्रोग्रामरने अशाच एका फेकलेल्या व्हेपमधल्या चिपवर चक्क वेबसाइट चालवून दाखवली. २४ मेगाहर्ट्झ, २४ किलोबाइट फ्लॅश, ३ किलोबाइट रॅम. आपल्यापैकी जे माझ्या वयाचे इंजिनिअर आहेत ते डिप्लोमाला आणि डिग्रीला ८०५१ वर शिकले. त्यात रॅम होती १२८ बाइट! त्या १२८ बाइटमध्ये आपण ट्रॅफिक सिग्नल चालवले, लिफ्ट चालवली, आणि प्रयोगशाळेतला तो एकुलता एक किट जळला तर सबंध बॅचला ओरडा बसायचा. त्याच्या चोवीस पट मेमरी आता फुटपाथवर पडलेली असते.

इथवरचा मुद्दा उधळपट्टीचा होता. उधळपट्टी मोबाइलमध्येही असते, खेळण्यांमध्येही असते, असं कोणी म्हणेल. मला खरा राग आहे तो पुढच्या गोष्टीचा.

ई-सिगारेट आजच्या रूपात आणली हान लिक या चिनी औषधतज्ज्ञाने, २००३ च्या सुमारास. सुरुवातीच्या यंत्रांची मोठी अडचण अशी की बॅटरी लहान, ताकद कमी, त्यामुळे वाफ कमी, त्यामुळे निकोटिन कमी. सिगारेट ओढणाऱ्याला त्यात मजा येईना. यावर दोन वाटा होत्या. एक म्हणजे बॅटरी मोठी करा. तशी हातभर लांबीची, धुराचे लोट सोडणारी यंत्रं आली, पण ती काय शाळकरी मुलांच्या खिशात मावणारी नव्हती. दुसरी वाट जूल कंपनीने २०१५ मध्ये धरली. तिचे दोन संस्थापक स्टॅनफर्डचे प्रॉडक्ट डिझाइनचे विद्यार्थी. त्यांनी बॅटरी लहानच ठेवली, २०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे पेन ड्राइव्हएवढ्या वस्तूत मावेल अशी. आणि रस बदलला. निकोटिनमध्ये बेंझॉइक आम्ल घातलं की त्याचा क्षार होतो आणि घशाला बसणारा ठसका जातो. ठसका गेला की निकोटिन भरमसाट वाढवता येतं. त्यांनी ते एका मिलिलिटरमध्ये ५९ मिलिग्रॅमपर्यंत नेलं. युरोपात कायद्याने मर्यादा आहे २० ची! एका छोट्या पॉडमध्ये साधारण एका सिगारेटच्या पाकिटाएवढं निकोटिन, असं कंपनी स्वतःच सांगायची.

आता हे इंजिनिअरच्या नजरेने वाचा. कमी वाफेत, म्हणजे कमी विजेत, जास्त निकोटिन. जुलामागे मिलिग्रॅम! विजेची बचत झाली खरी, पण ती निकोटिनने भरून काढली. बॅटरीचा भार पोराच्या मेंदूवर टाकला. त्या सुबक, निमूट, मुठीत लपणाऱ्या डिझाइनचं कौतुक करताना लोक विसरतात की ते डिझाइन शक्य झालं ते रस इतका कडक केला म्हणूनच. ठसका ही निसर्गाने दिलेली फ्यूज होती, ती काढून त्या जागी जाड तार लावली. आपल्याकडे वायरमन लावतात ना, तशी.

परिणाम काय झाला तेही आमच्याच गावात मोजलं गेलं. इथल्या विद्यापीठाची समाजशास्त्राची मोठी संशोधन संस्था १९७५ पासून दरवर्षी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांची व्यसनांबद्दल पाहणी करते. २०१७ मध्ये बारावीतल्या शंभरातल्या अकरा मुलांनी गेल्या महिन्यात निकोटिनचा व्हेप ओढल्याचं सांगितलं होतं. २०१८ मध्ये एकवीस. एका वर्षात दुप्पट! त्या पाहणीच्या चव्वेचाळीस वर्षांत कुठल्याच व्यसनाने, दारूने नाही, गांजाने नाही, अशी उडी मारली नव्हती. आमच्या गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये फळांच्या-मिठाईच्या चवींवर बंदी जाहीर केली, देशात असं करणारं मिशिगन पहिलं राज्य. पुढच्याच महिन्यात कोर्टाने ती थांबवली. २०१९ नंतर मुलांमधलं प्रमाण खाली आलं हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तोवर एक पिढी त्यातून गेली.

आणि हो, त्याच २०१९ मध्ये फुप्फुसं निकामी होऊन मुलं इस्पितळात गेली, डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड इस्पितळात एका सतरा वर्षांच्या मुलाची दोन्ही फुप्फुसं बदलावी लागली, त्या साथीचा दोष मात्र साध्या निकोटिन व्हेपवर ढकलू नये. ती बहुतांश गांजाच्या अर्काच्या काडतुसांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटची करणी होती. आपल्या बाजूचा मुद्दा पक्का असताना उसना मुद्दा कशाला घ्यायचा?

तसंच दुसऱ्या बाजूचंही एक मान्य. जो माणूस वीस वर्षं रोज पाकीटभर सिगारेटी ओढतोय तो त्या सोडून व्हेपवर आला तर त्याचं नुकसान कमी होतं, आणि काहींना सिगारेट सोडायला त्याची मदत होते याचा चांगला पुरावा आहे. इंग्लंडातले डॉक्टर हे उघड सांगतात. पण मग मला सांगा, सोडवण्यासाठी केलेलं यंत्र कसं असेल? त्या चिपमध्ये घड्याळ आहे, मेमरी आहे, झुरके मोजायची सोय आहे. रोजचे झुरके मोजायचे, दर आठवड्याला पाच टक्के कमी करायचे, रात्री अकरा ते सकाळी सात बंद. हे फर्मवेअर दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी शनिवार-रविवारात लिहील. ते कोणी केलं? बाजारात जे खपतं त्यात त्या मेमरीचा उपयोग काय केला, तर रंगीत पडदा लावला. त्यावर रॉकेट उडतं, तारे चमकतात. पडद्याला वीज लागते, म्हणून आता बॅटरी मोठी. बॅटरी पुरेना म्हणून खाली चार्जिंगचं भोक. रस संपला की तरीही सगळं फेकायचंच!

वर त्याला 'इको' नावाचं बटण. इको म्हणजे कॉइलला कमी वीज. दुसरं बटण 'बूस्ट', म्हणजे जास्त. इकोवर निकोटिन कमी येतं, मग ओढणारा काय करतो? लांब ओढतो, जास्त वेळा ओढतो. हा माझा तर्क नाही, निकोटिन कमी मिळालं की माणूस ओढण्यात भरपाई करतो हे प्रयोगांत दिसलेलं आहे. आणि त्यात नवल काय? पातळ चहा दिला की आपण दोन कप पितो. हिरव्या पानाचं चित्र काढलेलं ते बटण ना झाड वाचवतं, ना वीज.

ज्याच्यामुळे हा लेख लिहायला बसलो तो भाचा आता येऊ दे. हिंजवडीतल्या एका कंपनीत एम्बेडेडचं काम करतो. मुलगा हुशार, माझ्यापेक्षा व्यवस्थित कोड लिहितो. परवा रात्री त्याने मला विचारलं की सेन्सरच्या पुल-अप रेझिस्टरमधून करंट गळतोय, स्लीप चार मायक्रोअँपिअर येतोय, एकच्या खाली कसा आणू? मी विचारलं, यंत्र कसलं? म्हणाला, "क्लायंटने 'इनहेलेशन प्लॅटफॉर्म' लिहिलंय." दम्याचा पंप आहे का? "नाही मामा. कॉइल आहे. तुला कळलं ना, मग कशाला विचारतोस? आधी उत्तर दे, मग लेक्चर दे."

पुढचा तासभर आमचं जे झालं त्यातलं त्याचं म्हणणं असं: मी निकोटिन विकत नाही. मी करंट कमी करतो. हाच कोड उद्या दम्याच्या पंपातही जाईल. तंत्रज्ञान चांगलं-वाईट नसतं, वापरणारा असतो. सुरीने भाजीही चिरता येते.

ही सुरी आपण इंजिनिअर लोक फार वर्षं वापरतोय. पण सुरी करणाऱ्याला गिऱ्हाईक कोण ते माहीत नसतं. तुला स्पेसिफिकेशन मिळालंय. त्यात लिहिलंय की कॉइल १.८ ओहम, झुरका दोन सेकंद, नगाचं आयुष्य सहाशे झुरके, चार्जिंग नाही. तुझ्या हातात सुरी नाही, नेमका नकाशा आहे. दम्याच्या पंपाला कॉइल लागत नाही आणि आठ महिने दुकानात टांगून ठेवायची सोयही तशी लागत नाही. 'एक मायक्रोअँपिअर' हा आकडा कुठून आला? गोदामातल्या महिन्यांवरून. तो आकडा तटस्थ नाही. त्यात बोटीचा प्रवास आहे, दुकान आहे, आणि फेकणंही आहे. डोळ्यातल्या यंत्राचे नॅनोवॅट कुठून आले? रोग्याला दिवसाला दीड तास ऊन मिळेल यावरून. दोन्हीकडे एकच विद्या, पण आकडा कोणाच्या सोयीने ठरला हे बघितलं की पुरे.

दुसरं, कायदा. भारतात सप्टेंबर २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदी आहे. आधी वटहुकूम, मग डिसेंबरात कायदा. तयार करणं, आयात, निर्यात, विक्री, जाहिरात, साठवण, सगळंच. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि तयार करण्याच्या व्याख्येत सुटे भागही आहेत. फर्मवेअर हा भाग होतो का, हे वकिलांनी ठरवावं. पण 'इनहेलेशन प्लॅटफॉर्म' हे गुळगुळीत नाव लिहिणाऱ्याला ते बहुधा आधीच सुचलं असावं.

"बघ, आपल्याकडे बंदी आहेच," ताई मध्येच फोनवर म्हणाली. (हा सूर मला देशातल्या सगळ्यांकडून ऐकू येतो: तुमच्या अमेरिकेचे चोचले, आमच्याकडे सरकारने एका फटक्यात बंद करून टाकलं.) ताई, बंदी आहे आणि पुण्या-मुंबईत मालही आहे, तिकडचीच वर्तमानपत्रं छाप्यांच्या बातम्या देतात. शिवाय ही बंदी घालणाऱ्या सरकारच्या विमा कंपन्यांचा देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत भलामोठा हिस्सा आहे, तेव्हा फार सोवळं मिरवू नये. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारी प्रौढ माणसं शंभरात चारही नव्हती. तंबाखू खाणारी, मशेरी लावणारी होती चोवीस. निपाणीच्या वखारीतून आलेली ती तंबाखू राजरोस विकली जाते, गुटख्यावर २०१२ पासून बंदी असूनही तो कुठे मिळतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून "सिगारेट सोडवायला व्हेप येऊ द्या" हा इंग्लंडचा मुद्दा आपल्याकडे जशाचा तसा लागूच पडत नाही. ज्याच्या गालात बार आहे त्याला वाफ देऊन काय सोडवणार? आपल्याकडे व्हेपचं गिऱ्हाईक नवंच असणार, कॉलेजातलं.

आणि बंदीचा एक असा परिणाम आहे ज्याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. भारतात २०२२ पासून बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत. चांगले आहेत. ज्याने बॅटरी बाजारात आणली त्यानेच ती परत गोळा करून तिची विल्हेवाट लावायची. पण ज्या वस्तूवर बंदी आहे तिला कागदोपत्री उत्पादकच नाही! चोरून आलेल्या मालाची बॅटरी परत कोण घेणार? म्हणजे ती जाणार घरच्या कचऱ्यात, आणि तिथून पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बाईच्या हातात. या बायकांनी सॅनिटरी नॅपकिन निदान कागदात गुंडाळून लाल ठिपका काढून द्या, एवढं साधं मागणं मागायला किती वर्षं घालवली ते पुणेकरांना आठवत असेल. आता तिच्या हातात येणार एक गोड वासाची नळी. आत उरलेला निकोटिनचा रस, जो कातडीतून अंगात जातो, आणि अर्धा चार्ज असलेला सेल, जो कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला की पेटतो. आतला धातू विकावा म्हणून ती तो दगडाने फोडणार, किंवा तिचा मुलगा फोडणार.

अमेरिकेत याचं उत्तर आहे असं समजू नका. इथे निकोटिनचा द्रव अतिघातक कचऱ्याच्या यादीत आहे आणि लिथियम सेल ज्वालाग्राही म्हणून वेगळा. बॅटरी घेणारे म्हणतात यात निकोटिन आहे, आम्ही घेत नाही. औषधं परत घेणारे म्हणतात यात बॅटरी आहे, आम्ही घेत नाही. शाळेत मुख्याध्यापिकेने मुलांकडून जप्त केलेल्या व्हेपांचा डबा भरला की तो कुठे द्यायचा हा तिच्यापुढे खराखुरा प्रश्न असतो. ब्रिटनने १ जून २०२५ पासून यूज अँड थ्रो व्हेपवर बंदी घातली, तर लगेच तेच नाव, तेच रंग आणि बुडाशी चार्जिंगचं भोक अशी यंत्रं दुकानात आली. भोक आहे म्हणजे ते आता यूज अँड थ्रो नाही!

माझ्या मते दंड, बंदी हे सगळं करायचं ते करा, पण आधी आमच्या मिशिगनचा १९७६ चा डब्यांचा नियम व्हेपला लावा. दहा सेंट नाही, दहा डॉलर. रिकामा नग परत आणा, दहा डॉलर घेऊन जा, आणि ते पैसे विकणाऱ्याने आगाऊ भरायचे. रविवारी सकाळी हूव्हर स्ट्रीटवर एक नग दिसणार नाही. शिवाय वस्तू दहा डॉलरने महाग झाली की शाळेतलं पोर दोनदा विचार करेल ते वेगळंच. चार्ज न होणारा नग विकायचा असेल तर अनामत दुप्पट. मग बघा, स्लीप करंट कमी करणारे इंजिनिअर एका रात्रीत चार्जिंगचं सर्किट कसं शोधून काढतात ते.

भाच्याला मी पुल-अप रेझिस्टरचं उत्तर दिलं नाही. "तू नाही सांगितलंस तर मी फोरमवर विचारीन," म्हणाला. विचार म्हटलं, पण विचारताना यंत्राचं खरं नाव लिही. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला की त्याने मॅनेजरला मीटिंगमध्ये सरळ विचारलं, हे नक्की काय आहे, आणि आपल्या कायद्यात बसतं का? मॅनेजर म्हणाला, लीगलला विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. तोवर त्याला दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकलंय, पाण्याच्या मीटरच्या. तिथे बॅटरी दहा वर्षं टिकवायची आहे आणि स्लीप येतोय सहा मायक्रोअँपिअर. त्याचं सर्किट त्याने मला काल पाठवलं. गळती त्याच पुल-अपमधून आहे. मेगाओहमचा रेझिस्टर घाल आणि सेन्सरची वीज चिपच्याच एका पिनवरून दे, मोजायच्या वेळेपुरती, असं त्याला कळवलंय.